गुंठ्यामागे ४१ हजार पत्ते

अमेरिकेच्या कॅन्सस राज्यात, विचिटा शहराच्या ईशान्येला, पॉटविन नावाचं छोटं गाव आहे. गावाजवळ ३६० एकरांचं एक शेत आहे, म्हणजे आपल्या हिशेबात १४ हजार ४०० गुंठे. पत्रकार कश्मीर हिल यांनी २०१६ च्या एप्रिलमध्ये या शेताची हकीकत छापली. इंटरनेटवरच्या पत्त्यांच्या एका मोठ्या नोंदवहीनुसार तेव्हा ६० कोटींहून अधिक आयपी पत्ते या एका शेतावर होते. भागाकार केला तर गुंठ्यामागे ४१ हजारांच्या वर. जगातल्या सगळ्या जुन्या पद्धतीच्या आयपी पत्त्यांपैकी दर सातातला एक.

शेतावर प्रत्यक्षात एक घर होतं आणि त्यात भाड्यानं राहणारं एक कुटुंब.

हे कुटुंब २०११ मध्ये तिथं आलं आणि लगेच त्यांच्या दारात माणसं येऊ लागली. चोरलेल्या गाडीच्या तपासाला पोलीस येत, करबुडव्यांच्या मागावर सरकारी अधिकारी येत. कुणी आत्महत्येची धमकी दिलेली असे, म्हणून रुग्णवाहिका येत. इंटरनेटवर फसवले गेलेले लोक संतापून फोन करत. एकदा कुणी तरी फुटका कमोड आणून रस्त्यावर टाकून गेलं. अखेर तिथल्या शेरीफनं, म्हणजे स्थानिक पोलीसप्रमुखानं, शेताच्या वाटेवर पाटी लावली की या घरात शिरू नका, काही असेल तर आधी आम्हाला विचारा. इतकं होऊनही घरातल्या माणसांना, शेताच्या वयोवृद्ध मालकिणीला आणि शेरीफलाही कारण कळलं नव्हतं. ते कळायला वार्ताहराची चिकाटी लागली.

कारण होतं पूर्णांकात आणण्याचं गणित.

मॅक्समाइंड ही मॅसॅच्युसेट्समधली कंपनी आयपी पत्त्यावरून ठिकाण सांगणारी नोंदवही तयार करते आणि हजारो कंपन्या ती वापरतात. २००२ मध्ये तिच्यापुढे प्रश्न आला की एखादा पत्ता अमेरिकेतला आहे एवढंच कळलं आणि शहर कळलं नाही, तर अक्षांश-रेखांशाच्या रकान्यात काय भरायचं? देशाचा मध्य भरायचा असं ठरलं. अमेरिकेच्या सलग भूभागाचा मध्य ३९ अंश ५० मिनिटं उत्तर, ९८ अंश ३५ मिनिटं पश्चिम असा मानला जातो. हे आकडे लिहायला किचकट, म्हणून ते सरळ ३८ आणि ९७ केले गेले. तेवढ्यानं मध्यबिंदू सुमारे २४५ किलोमीटर सरकला आणि त्या घराच्या अंगणात जाऊन पडला. कोणाच्या अंगणात, हे पाहायचं कोणाच्या मनातही आलं नाही.

पण माझ्या मते २४५ किलोमीटर ही खरी चूक नाही. ती आकडा कसा लिहिला यात आहे. नोंदवहीत ३८.०००० आणि ९७.०००० असं छापलं जात होतं. दशांश चिन्हानंतर चार शून्यं. अक्षांशाचा एक अंश म्हणजे जमिनीवर सुमारे १११ किलोमीटर, आणि दशांशाचं चौथं स्थान म्हणजे ११ मीटर. अर्थात हा आकडा वाचणाऱ्याला सांगत होता की तुम्ही शोधताय तो माणूस इथं, या ११ मीटरांत आहे. नोंद करणाऱ्याला मात्र म्हणायचं होतं की तो अमेरिकेत कुठं तरी आहे. अमेरिकेचं क्षेत्रफळ ९८ लाख चौरस किलोमीटर आहे, ३२ महाराष्ट्रांएवढं. एकीकडे ३२ महाराष्ट्र, दुसरीकडे एक अंगण, आणि दोन्हींसाठी लिहिलेला आकडा एकच. पोलिसांनी अंगण वाचलं. त्यांना दोष देणं मला जड जातं, कारण नकाशावर टाचणी टोचली की कोणाचीही नजर टाचणीच्या टोकावरच जाते.

हिल यांची बातमी आल्यावर कंपनीनं अमेरिकेचा तो बिंदू विचिटाच्या पश्चिमेला एका मोठ्या जलाशयात हलवला. पाण्यात कुणी राहत नाही आणि कुणी दार ठोठावायला जाणार नाही. आता त्या नोंदीबरोबर अचूकतेची त्रिज्याही दिलेली असते. जलाशयातल्या बिंदूची त्रिज्या आहे १,००० किलोमीटर. एवढ्या वर्तुळाचं क्षेत्रफळ काढलं तर ३१ लाख चौरस किलोमीटर भरतं. दहा महाराष्ट्र. हा आकडा पहिल्यापासून बिंदूशेजारी असायला हवा होता.

असाच प्रकार दक्षिण आफ्रिकेत प्रिटोरियातल्या एका घरी घडला. ‘प्रिटोरिया’ या शहरासाठी अमेरिकेच्या एका सरकारी नकाशा-संस्थेनं जो बिंदू ठरवला होता तो एका घराच्या परसात पडत होता आणि नोंदवहीनं तोच उचलला होता. चोरीला गेलेले फोन शोधत लोक आणि पोलीस त्या घरी वर्षानुवर्षं येत राहिले.

आयपी पत्त्यावरून ठिकाण काढणं इतकं अवघड का असावं? मला वाटतं, आपल्याला ‘पत्ता’ हा शब्दच चकवतो. आपल्या डोक्यात पत्ता म्हटलं की पिनकोड असतो. १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झालेली ही पद्धत श्रीराम भिकाजी वेलणकरांनी आखली. टपाल खात्यातले हे मराठी अधिकारी संस्कृतचे कवी होते. त्यांनी सहा अंकांत जमीन बसवली. पहिला अंक ४ दिसला की पश्चिमेकडचा पट्टा, महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश, छत्तीसगड. पुढचे दोन अंक भूगोल आणखी आवळत नेतात, शेवटचे तीन टपाल कार्यालय सांगतात. शेजारच्या दोन गावांचे पिनकोड बहुधा शेजारचेच असतात. अंक वाचत गेलं की माणूस नकाशावर चालत जातो.

आयपी पत्त्यात असं काही नाही. तो ० ते २५५ मधल्या चार आकड्यांची जोडणी असतो आणि ते आकडे कोणत्या जाळ्याचे आहेत एवढंच सांगतात. तुलना करायचीच तर एसटीच्या तिकिटावरच्या क्रमांकाशी करावी. क्रमांकावरून तिकिटांचा गठ्ठा कोणत्या आगाराला दिला होता ते कळेल, पण प्रवासी कोणत्या फाट्यावर उतरला ते कळणार नाही. आणि इथं तर तोच क्रमांक संध्याकाळी दुसऱ्याच प्रवाशाच्या हातात असू शकतो.

अशा जोडण्या एकूण ४२९ कोटी ४९ लाख ६७ हजार २९६ होतात. पत्ता ३२ बिटांचा ठेवण्याचा हा निर्णय १९७७ चा, इंटरनेटच्या शिल्पकारांपैकी एक असलेल्या व्हिंट सर्फ यांचा. तेव्हा जगाची लोकसंख्या ४२० कोटींच्या आसपास होती, म्हणजे माणशी एक पत्ता झाला असता. सेकंदाला एक या वेगानं मोजायला बसलं तर १३६ वर्षं लागतील एवढे ते पत्ते. इंटरनेट तेव्हा प्रयोग होता आणि प्रयोगाला एवढे पत्ते भरपूर वाटले. म्हणून वाटपही सढळ हातानं झालं. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या एका शिक्षणसंस्थेला १ कोटी ६७ लाख पत्ते मिळाले. फोर्ड या मोटार कंपनीला तेवढेच, ॲपलला तेवढेच. आज भारताच्या वाट्याला आलेले सगळे जुने पत्ते एकत्र केले तर ४ कोटींच्या आसपास भरतात, म्हणजे त्या एका संस्थेच्या गठ्ठ्यासारखे अडीच गठ्ठे. आणि आपल्याकडे इंटरनेटचे ग्राहक ९० कोटींच्या वर आहेत.

मध्यवर्ती साठा ३ फेब्रुवारी २०११ ला संपला. त्या दिवशी शेवटचे पाच मोठे गठ्ठे जगाच्या पाच विभागांना वाटून टाकले गेले. मग जमिनीसारखे पत्त्यांचे व्यवहार होऊ लागले. त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टनं दिवाळखोर झालेल्या नॉर्टेल कंपनीचे ६ लाख ६६ हजार ६२४ पत्ते ७५ लाख डॉलरना विकत घेतले. पत्त्याला सव्वाअकरा डॉलर. गठ्ठे हस्तांतरित होतात, एका खंडातून दुसऱ्या खंडात जातात आणि नोंदवह्या मागाहून धावतात. २०१४ मध्ये मायक्रोसॉफ्टलाच अमेरिकेतल्या आपल्या केंद्रांसाठी अमेरिकी पत्ते पुरेनात, म्हणून ब्राझीलच्या नावावर नोंदलेले पत्ते तिथं वापरले गेले. यंत्र अमेरिकेत, वापरणारा अमेरिकेत, आणि संकेतस्थळं त्याला ब्राझीलचा समजू लागली.

मग नोंदवह्या ठिकाण काढतात तरी कसं? गठ्ठा कोणाच्या नावावर आहे ते बघतात. वाटेतल्या राउटरांच्या, म्हणजे माहिती पुढे धाडणाऱ्या यंत्रांच्या, नावांत शहराच्या खुणा शोधतात. मुंबईच्या यंत्राच्या नावात बऱ्याचदा विमानतळाची ‘बीओएम’ ही अक्षरं सापडतात. काही कंपन्या आपल्या गठ्ठ्यांची ठिकाणं स्वतः जाहीर करतात, आणि २०२० पासून त्यासाठी एक ठरलेला साचाही आहे. एक रीत मात्र निव्वळ भौतिकशास्त्रावर उभी आहे आणि मला ती सगळ्यांत आवडते. वेंकट पद्मनाभन आणि लक्ष्मीनारायणन सुब्रमण्यन या दोघा संशोधकांनी २००१ मध्येच तिची नीट तपासणी करून पाहिली होती.

काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर धावतो. एखाद्या पत्त्याला हाक मारायची आणि उत्तर यायला किती वेळ लागला ते मोजायचं. जाऊन-येऊन एक सहस्रांश सेकंद लागला, तर तो पत्ता १०० किलोमीटरपेक्षा लांब असूच शकत नाही. तंतूतल्या प्रकाशाला याहून वेगानं जाता येत नाही, त्यामुळे ही मर्यादा कोणी मोडू शकत नाही. मुंबईहून नागपूर सरळ रेषेत सुमारे ६९० किलोमीटर आहे, तेव्हा मुंबईच्या हाकेला नागपूरचं उत्तर ७ सहस्रांश सेकंदांच्या आत बहुधा येणारच नाही. तीन-चार शहरांतून हाका मारल्या, प्रत्येकाचं वर्तुळ काढलं, की जिथं वर्तुळं एकमेकांना छेदतात तिथं तो पत्ता.

ऐकायला फार देखणं आहे. पण १०० किलोमीटर त्रिज्येचं वर्तुळ म्हणजे ३१ हजार चौरस किलोमीटर, पुणे जिल्ह्याच्या दुप्पट. घड्याळातला एक सहस्रांश सेकंद जमिनीवर एवढा पसरतो. तार सरळ रेषेत जात नाही, रस्त्यांच्या आणि रुळांच्या कडेनं वळणं घेत जाते. वाटेतला प्रत्येक राउटर क्षणभर थांबवतो. पाच सहस्रांश सेकंद असेच वाया गेले, तर वर्तुळ अडीच महाराष्ट्रांएवढं होतं. डोळ्याची पापणी लवायला याच्या कितीतरी पट वेळ लागतो.

आणि आपल्या देशात सर्वांत मोठा घोळ मोबाइलचा. फोनची वाहतूक टॉवरवरून आत शिरते आणि दूरवरच्या एखाद्या मोठ्या केंद्रातून बाहेरच्या इंटरनेटवर पडते. गुहागरला ओटीवर बसून फोन चाळणारा माणूस संकेतस्थळाला मुंबईचा किंवा हैदराबादचा दिसू शकतो. त्याच फोनवरचं जेवण मागवण्याचं ॲप त्याला दारापर्यंत गाठतं, कारण ते उपग्रहांकडून आलेलं जीपीएस वापरतं आणि जीपीएस मोकळ्या आभाळाखाली काही मीटरांत ठिकाण सांगतं. या दोन्ही गोष्टींना आपण ‘लोकेशन’ हा एकच शब्द वापरतो. एकीची त्रिज्या पाच मीटर, दुसरीची पाचशे किलोमीटर असू शकते. एक लाख पटींचा फरक एका शब्दात दडून जातो. हे मला मनापासून धोक्याचं वाटतं.

देश ओळखण्यात नोंदवह्या खरोखरच तरबेज आहेत. हजारात दोनच चुका, अशा तऱ्हेचे दावे या धंद्यात केले जातात आणि ते खरे धरायला माझी हरकत नाही. शाळेत ९९.८ टक्के गुणांना आपण पेढे वाटू. पण ४२९ कोटींवर हजारी दोन म्हणजे ८५ लाख ९० हजार पत्ते. एवढे पत्ते चुकीच्या देशात. शहराच्या पातळीवर चुकीचं प्रमाण यापेक्षा पुष्कळ जास्त असतं, आणि मोठ्या शहरांच्या मानानं खेडी नेहमीच अधिक चुकतात. घराच्या पातळीवर तर नोंदवहीला काही माहीतच नसतं. ग्राहकाचं घर फक्त त्याला जोडणी देणाऱ्या कंपनीच्या दप्तरात असतं.

नवी पद्धत, आयपीव्ही६, ही टंचाई संपवते. तिची आकडेवारी सांगताना आपल्या भास्कराचार्यांची आठवण होते. त्यांच्या ‘लीलावती’तली संख्यांची नावं परार्धावर थांबतात. परार्ध म्हणजे एकावर १७ शून्यं. नव्या पत्त्यांची संख्या ३९ आकडी आहे. परार्धाला परार्धानं गुणा आणि आलेल्या उत्तराला पुन्हा ३४ हजारांनी गुणा, तेव्हा तिच्या जवळ जाता येतं. एका घरगुती जाळ्याला मिळणारा नेहमीचा गठ्ठा १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१६ पत्त्यांचा असतो. बुद्धिबळाच्या पटावर दर घरात दुप्पट धान्य मागणाऱ्याची गोष्ट आपण लहानपणी ऐकलेली असते. त्या ६४ घरांत मिळून जेवढे दाणे होतात, त्यापेक्षा बरोबर एक जास्त. जुनं सबंध इंटरनेट ४२९ कोटी वेळा अशा एका घरगुती गठ्ठ्यात मावेल.

जिओची सेवा २०१६ मध्ये सुरू झाली ती या पद्धतीसह, आणि आज भारत ती वापरण्यात जगात अगदी पुढे आहे. तरी ठिकाणाचा प्रश्न सुटलेला नाही. दाणे कितीही असले तरी पोतं कंपनीच्या नावावर असतं, आणि कंपनीचा पसारा देशभर. शिवाय खासगीपणा जपण्यासाठी फोन आणि संगणक आपल्या पत्त्याचा उत्तरार्ध वरचेवर, बहुतेक वेळा रोज, बदलतात.

जुने पत्ते अजून सुटलेले नाहीत आणि ते अपुरे आहेत. म्हणून कंपन्या एक पत्ता अनेकांना वाटून देतात. प्रत्येक पत्त्याला ६५ हजार ५३६ दारं असतात, ज्यांना तांत्रिक भाषेत पोर्ट म्हणतात. त्यांतली राखीव सोडून प्रत्येक ग्राहकाला हजार दारं दिली तरी एका पत्त्यामागे ६० हून अधिक घरं बसतात. बाहेरून पाहणाऱ्याला सगळी एकच. २००७ च्या १ जानेवारीला विकिपीडियाच्या एका संपादकानं खोडसाळपणा थांबवण्यासाठी एक आयपी पत्ता अडवला. तो पत्ता कतार देशाचा होता. देशातल्या कुणा एकाचा म्हणावं असा तो नव्हता, जवळजवळ सगळा देश त्या एका पत्त्यातून बाहेर पडत होता. चूक कळली आणि बंदी काही तासांत उठली.

त्याच वर्षी आपल्याकडे जे घडलं ते काही तासांत उठलं नाही. ऑर्कुट या तेव्हाच्या संकेतस्थळावर कोणी तरी शिवाजी महाराजांची विटंबना करणारा मजकूर टाकला होता. पुणे पोलिसांनी तपास करून आयपी पत्ता मिळवला. तो पत्ता कोणाचा, हे इंटरनेट कंपनीला विचारलं. कंपनीनं नाव दिलं. ते नाव बंगळूरमधल्या एका तरुण सॉफ्टवेअर अभियंत्याचं होतं. ३१ ऑगस्ट २००७ ला त्याला पकडून पुण्याला आणलं गेलं. कंपनीनं दिलेलं नाव चुकीचं होतं. त्या मजकुराशी त्या मुलाचा काहीही संबंध नव्हता. तो ५० दिवस येरवडा तुरुंगात होता.

कॅन्ससच्या शेतावरचा बिंदू चुकला होता. इथं बिंदू नव्हताच, दप्तरातली एक ओळ होती, आणि पुढचं सगळं त्या एका ओळीवर उभं राहिलं. अशी ओळ चुकायला फार काही लागत नाही. पत्ता तासातासाला हात बदलतो. रात्री नऊ वाजता तो कोणाकडे होता हे विचारलं, तर कोणते नऊ हा पहिला प्रश्न असायला हवा. अनेक संकेतस्थळांची घड्याळं जागतिक प्रमाणवेळेवर चालतात आणि आपलं घड्याळ तिच्यापुढे साडेपाच तास. नोंदीत प्रमाणवेळेचा उल्लेख नसेल, तर साडेपाच तासांपूर्वी ज्याच्याकडे तो पत्ता होता त्याचं नाव पुढे येऊ शकतं, आणि पत्ता साठ जणांत वाटलेला असेल तर साठांपैकी कोणाचंही.

इंटरनेटचे नियम लिहिणाऱ्या आयईटीएफ या अभियंत्यांच्या संस्थेनं यावर एक छोटं टिपण काढलं आहे. संकेतस्थळांनी नुसता आयपी पत्ता टिपून ठेवू नये. त्याबरोबर दाराचा क्रमांक टिपावा, कोणत्या प्रकारची जोडणी होती ते टिपावं आणि वेळ सेकंदापर्यंत, जागतिक प्रमाणवेळेशी जुळवून टिपावी. हे टिपण जून २०११ मधलं आहे. येरवड्यातले ते ५० दिवस त्याच्या जवळजवळ चार वर्षं आधीचे.